नळाचं सामान

"नल मोडेम केबल आहे का?" असं मी हिंदीत विचारलं, आणि नाका हिंडोल्याच्या त्या दुकानदाराने हात जोडून, अतिशय अदबीने सांगितलं, "नल का सामान तो जनाब, लाटूश रोड पर मिलेगा. यहाँ तो बस मोबाइल वग़ैरह का काम है."

साताऱ्यात असतो तर दुकानदार वर न बघता नुसता "नाही" म्हणाला असता आणि मीही नुसता पुढे गेलो असतो. इथे आधी मला स्टूल मिळालं, मग पाणी आलं, मग चहाचं विचारणं झालं आणि त्यानंतर मला प्लंबरच्या बाजाराकडे वळवण्यात आलं. चुकीच्या रस्त्याला इतक्या प्रेमाने लावणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिली नाहीत.

मी समजावायला गेलो. म्हटलं, हा नल म्हणजे पाण्याचा नव्हे, इंग्रजी नल, म्हणजे शून्य. दोन कॉम्प्युटर लांब असले की मधे मोडेम लागायचा. जवळ असले की नको. पण मोडेम नाही हे दोघांना कळता कामा नये, म्हणून आतल्या तारांची अदलाबदल केलेली केबल मिळते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यानी मोडेम भी नहीं है, नल भी नहीं है. तो फिर है क्या?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निवृत्त झाल्यावर लखनऊला मुलाकडे राहायला आलो त्याला आता सहा वर्षं होतील. दुपार मोठी असते. अशात बंगळूरच्या भाच्याने घर बदलताना एक हिरवा बोर्ड माझ्या गळ्यात मारला. स्विस कंपनीचा, वीतभरही लांब-रुंद नाही, तीन लॅनची भोकं, आत एएमडीचा प्रोसेसर, पंखा नाही, आवाज नाही. "मामा, ह्याच्यावर ओपनबीएसडी टाका, घरच्या इंटरनेटला दारावर एक चांगला राखणदार मिळेल," असं सांगून तो मोकळा झाला. ओपनबीएसडी ही युनिक्सच्या गोत्रातली प्रणाली. कॅनडातल्या कॅलगरीच्या थिओ डी राट यांचं नेटबीएसडीच्या मंडळींशी बिनसलं आणि १९९५ साली त्यांनी वेगळी चूल मांडली, तीच ही. भाऊबंदकीतून निघालेलं घर असल्यामुळे की काय, दारं-खिडक्या लावून घेण्याबद्दल हे लोक फार काटेकोर आहेत.

अडचण एकच होती. ह्या बोर्डाला स्क्रीन जोडायला जागाच नाही. एका बाजूला नऊ पिनांचं सिरियलचं तोंड आहे, आणि जे काय बोलायचं ते तो तिथूनच बोलतो.

"टीव्ही लागत नाही ह्याला?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग चालू आहे की बंद, हे कळणार कसं?"

"बोलेल तो."

"कुणाशी?"

"माझ्याशी."

ती काही न बोलता आत गेली. थोड्या वेळाने आतून सुनेशी कुजबुज ऐकू आली.

खरं तर मला ह्या बोलण्याची सवय होती. १९९३ साली आमच्या बँकेच्या शाखेत युनिक्सचं यंत्र आलं. काचेची केबिन, दाराशी चपला काढायच्या, आत एसी. मॅनेजरसाहेबांना जो गारवा मिळत नव्हता तो यंत्राला मिळत होता, ह्याचं साहेबांना फार वाईट वाटे. केबिनमधून आठ केबली निघून काउंटरवरच्या आठ टर्मिनलांना जात. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि स्वतःची अक्कल काडीची नाही. म्हणून त्यांना डम्ब टर्मिनल म्हणत. मी बी.एस्सी. असल्यामुळे त्या सगळ्याचा ताबा माझ्याकडे आला. पुण्याहून एसटीने येणाऱ्या इंजिनियरने मला सोल्डरिंग शिकवलं आणि मंत्र दिला: "दोन बोलतो, तीन ऐकतो, सात जमीन." तेव्हाच्या कनेक्टरला पंचवीस पिना असत. त्यातल्या आमच्या कामाच्या तीन. बाकीच्या बावीस लग्नाच्या मांडवातल्या काकांसारख्या, हजर असायच्या, पण कामाला हात लावायच्या नाहीत.

त्यामुळे नाका हिंडोल्यावरून परत येताना मी अजिबात खचलो नव्हतो. चौथ्या दुकानात यूएसबीला लावायचा सिरियल अडॅप्टर मिळाला, पाचव्यात नऊ पिनांची दोन सॉकेटं, आणि तीन तारांची दोन मीटर वायर. केबल घरी करू. दोन तीनला, तीन दोनला, सात सातला. गॅलरीत बसून, चष्मा नाकावर आणून, राळेचा तो ओळखीचा वास घेत मी सोल्डर मारलं. तीस वर्षांनी हात थरथरत होता, पण डाग चांगले बसले.

लॅपटॉपवर मिनिकॉम, म्हणजे सिरियलवरून बोलणारा प्रोग्राम, उघडला, बोर्डाला वीज दिली. काही नाही.

पुढचे दोन दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला. अडॅप्टरची चिप नकली असेल. लिनक्सने पोर्ट उघडायला परवानगी दिली नसेल (ती खरंच दिली नव्हती, त्यासाठी स्वतःला 'डायलआउट' नावाच्या गटात सामील करून घ्यावं लागतं, सोसायटीचं सभासदत्व घेतात तसं). भाच्याने बिघडलेला बोर्ड दिला असेल. माझ्यावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मंत्र मला पाठ होता.

मंत्र बरोबर होता, पण पंचवीस पिनांचा. नऊ पिनांच्या कनेक्टरात सगळ्यांची खाती बदलली आहेत. तिथे दोन ऐकतो आणि तीन बोलतो. ह्याने बिघडत नाही, कारण दोन्ही टोकांना तीच अदलाबदल, आणि फुली उलटी केली तरी फुलीच राहते. पण जमीन सातवरून पाचवर गेली आहे! सातला आता 'मला बोलायचं आहे' असं सांगणारी तार बसते. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी, बरोबर दोन पिना, आणि मला तिचा पत्ता नव्हता.

आणि जमिनीशिवाय ह्या खेळात काही खरं नसतं. ह्या सिरियलच्या बोलण्याचा नियम, आरएस-२३२, हा १९६० सालचा. त्यात तारेवरचा दाब जमिनीच्या तुलनेत मोजतात. उणे व्होल्ट म्हणजे एक, आणि अधिक व्होल्ट म्हणजे शून्य. उणे म्हणजे काहीतरी आणि अधिक म्हणजे काहीच नाही! असा हिशेब पाहून आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला घाम फुटतो. पण अधिक की उणे हे ठरवायला दोघांचा शून्य एकच हवा ना. माझ्या केबलीत दोघांचे शून्य वेगवेगळे होते.

सातची तार काढून पाचला लावली. वीज दिली. आणि पडद्यावर कचरा उतरला. उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, कुठल्या तरी युरोपीय भाषेतली टोपीवाली अक्षरं. मला इतका आनंद झाला की मी हाक मारून नातीला बोलावलं.

नात नऊ वर्षांची आहे आणि कथक शिकते. लखनऊत राहून मूल कथक शिकत नसेल तर शेजारी विचारतात. कैसरबागेत भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे, आणि त्या रस्त्याने गेलो की मी प्रत्येक वेळी सुनेला सांगतो, हा आमचा मुंबईचा माणूस. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे, पेशाने वकील, आणि गाणं शिकवायला १९२६ साली कॉलेज काढलं ते इथे, नवाबांच्या गावात. तेव्हाचे गव्हर्नर मॅरिस, म्हणून मॅरिस कॉलेज. सून ऐकून घेते. ती लखनऊची आहे, दहाव्यांदासुद्धा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.

"आजोबा, हे काय लिहिलंय?" नातीने विचारलं.

"बरोबर लिहिलंय. मी चुकीच्या लयीत वाचतोय."

हे तिला पटकन कळलं, आणि तिला सांगता सांगता मलाही पहिल्यांदा नीट कळलं. ह्या केबलीत घड्याळाची तार नसते. 'आता पुढची मात्रा' असं कोणी कोणाला सांगत नाही. दोघांनी आधी लय ठरवायची आणि आपापल्या मनात मोजत राहायचं. एकेक अक्षर असं येतं: आधी एक मात्रा नुसती सुरुवातीची, मग आठ मात्रा अक्षराच्या, मग एक मात्रा विसाव्याची.

"म्हणजे दहा," ती म्हणाली. "झपताल." आणि मांडीवर हाताने धरला सुद्धा: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना.

तेहेतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. एक अक्षर म्हणजे झपतालाचं एक आवर्तन. सुरुवातीची मात्रा ही सम. तबलजी आणि गवई, दोघांच्या मनातली लय अगदी तंतोतंत एक कधीच नसते, पण समेवर भेटले की मागचा उणा-अधिक हिशेब मिटतो आणि नवीन आवर्तन नव्याने सुरू होतं. इथेही तसंच. दहा मात्रांत अर्ध्या मात्रेने घसरला नाहीत की झालं, पुढच्या समेला सगळं माफ. मी बँकेच्या सवयीने ९६०० लावलं होतं, म्हणजे सेकंदाला ९६० आवर्तनं. बोर्ड बोलत होता ११५२०० ने. बरोब्बर बारापट. तो द्रुत तराणा म्हणत होता आणि मी विलंबित ख्यालाचा ठेका धरून बसलो होतो; कचरा ऐकू येईल नाही तर काय.

भातखंड्यांनी केलं ते तरी दुसरं काय होतं? गळ्यातलं गाणं कागदावर साध्या अक्षरांत, एकामागून एक मांडलं. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, टिंब खाली म्हणजे मंद्र, टिंब वर म्हणजे तार. श्रुती, लगाव, आंदोलन ह्यातलं बरंच काही त्या अक्षरांच्या ओळीत येत नाही, असं म्हणणारे गवई तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं चूक नाही. पण ओळ पोहोचते. पंडितजींना हिरव्या अक्षरांचं टर्मिनल दिलं असतं तर त्यांनी तक्रार केली नसती असं मला वाटतं.

लय बदलली. पडद्यावर शुद्ध इंग्रजी उतरलं: बोर्डाने आपलं नाव सांगितलं, मेमरी किती ते सांगितलं, आणि पेनड्राइव्हवरून ओपनबीएसडीचा 'बूट' असं लिहिलेला प्रॉम्प्ट समोर आला. मी टाइप केलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा केलं. जोरात केलं. तो बोलतो ते मला ऐकू येतंय, मी बोलतो ते त्याला नाही. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला हे नवीन नाही, पण यंत्राकडून अपेक्षा नव्हती.

लखनऊवर लिहिताना 'पहले आप'चा विनोद करायचा नाही असं मी ठरवलं होतं. दोन नवाब एकमेकांना आधी चढायचा आग्रह करत राहिले आणि गाडी निघून गेली, ही गोष्ट इथल्या लोकांना आता ऐकवत नाही. पण माझा इलाज नाही, कारण नेमकं तेच झालं होतं. मिनिकॉमच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते, हार्डवेअर फ्लो कंट्रोल, आणि ती मुळातच 'येस' असते. त्याचा अर्थ असा की माझा लॅपटॉप बोलण्याआधी सातव्या पिनेवरून विचारतो, 'अर्ज़ करूँ?' आणि समोरून आठव्या पिनेवर 'इर्शाद' आल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी तीनच तारा जोडल्या होत्या. इर्शाद यायला तारच नव्हती. लॅपटॉप बिचारा तहज़ीब सांभाळत, माझी सगळी अक्षरं ओंजळीत धरून उभा होता. बोर्डाला असलं काही माहीत नव्हतं, तो आपला न विचारता बोलत सुटला होता. साताऱ्याचा असावा.

मी 'येस'चं 'नो' केलं. लखनऊच्या घरात बसून इतकं उद्धट काम मी आधी कधी केलं नव्हतं. पण अक्षरं उमटली.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात माझी शोभाच जास्त झाली. एंटर दाबला, कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चढला, 'एंट्री पॉइंट' अशी एक ओळ आली आणि सामसूम. अर्धा तास वाट पाहिली. कर्नल व्यवस्थित चालू होता, पण त्याला वाटत होतं की समोर स्क्रीन आहे, आणि नसलेल्या स्क्रीनकडे तोंड करून तो सगळं निवेदन करत होता. त्याला आधीच सांगावं लागतं. दोन ओळी: पहिलीत एसटीटीवाय म्हणून लय सांगायची, दुसरीत 'सेट टीटीवाय कॉम-झीरो' म्हणून तोंड केबलीकडे वळवायचं. मी दुसरी ओळ आधी दिली. तोंड वळलं, पण तो त्याच्या जुन्या ९६०० च्या लयीत बोलू लागला आणि पुन्हा टोपीवाली अक्षरं. नातीने लांबूनच सांगितलं, "लय चुकली."

शेवटी इन्स्टॉलर आला. त्याने नम्रपणे विचारलं, टर्मिनल कुठलं? आणि उत्तरही स्वतःच सुचवलं: व्हीटी-२२०. हे डिजिटल कंपनीचं १९८३ सालचं टर्मिनल. ते बनायचं कधीच थांबलं, कंपनीही उरली नाही, पण आजचा लॅपटॉप अजून त्याचं नाव सांगूनच आत शिरतो. गावात पाराजवळ म्हातारे विचारतात, "कुणाचा रे तू?" आणि आपण आजोबांचं नाव सांगतो, तसं. मुळात तो टीटीवाय शब्दच टेलिटाइपचा. सेकंदाला दहा अक्षरं खडखडत कागदावर छापणारं यंत्र, त्याची आठवण ह्या प्रणालीने नावात जपली आहे.

इथे मला कानपूर आठवलं. लखनऊहून गाडीने दोन तासांवर. तिथल्या आयआयटीत आर.एम.के. सिन्हा आणि मोहन तांबे ह्या मंडळींनी असल्याच टर्मिनलावर देवनागरी आणण्याचा उद्योग केला. त्यातून जिस्ट नावाचं तंत्र निघालं, आणि १९८८ नंतर तांब्यांबरोबर ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. पुण्यात एकदा मी ते टर्मिनल पाहिलं होतं. युनिक्सच्या यंत्राला वाटायचं समोर नेहमीचंच टर्मिनल आहे, आणि इकडे पडद्यावर काना-मात्रेसकट मराठी. कळ तीच, लिपी बदलली की तोच 'क' तमिळमध्ये दिसायचा. आमच्या शाखेत ते कधी आलं नाही. खातेदारांची नावं आम्ही इंग्रजीतच घातली, आणि एका ढमढेरे आडनावाचं आम्ही काय केलं ते इथे सांगत नाही.

इन्स्टॉलरने यंत्राचं नाव विचारलं. मी बड्या इमामबाड्याला स्मरून 'भूलभुलैया' ठेवलं. मग तो म्हणाला, ह्यापुढे नेहमी केबलीवरूनच बोलू का? आणि कुठल्या लयीत? हा प्रश्न त्याने आपणहून विचारला तेव्हा मला गहिवरून आलं. हो म्हटलं. फायली उतरू लागल्या. तेवढ्यात बत्ती गुल झाली. लखनऊचा मे महिना. इन्व्हर्टरने पंखा धरला, बोर्डाचा प्लग इन्व्हर्टरवर नव्हता. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी मात्र सगळं पाठ होतं, वीस मिनिटांत झालं.

मुलगा रात्री म्हणाला, "बाबा, एकदा नेटवर्क चालू झालं की कुठूनही लॉगिन करता येतं. केबलची गरज काय?" बरोबर आहे. पण नेटवर्कच बंद पडलं, किंवा मीच राखणदाराला इतका कडक केला की तो मालकालाही आत घेईना, तर? १८५७ च्या सप्टेंबरात औट्रम आणि हॅवलॉक हे इंग्रज सेनानी मोठी फौज घेऊन इथल्या वेढलेल्या रेसिडेन्सीत शिरले आणि स्वतःच आत अडकले. शहराबाहेर आलमबागेत त्यांची थोडी माणसं होती. मधले सगळे रस्ते बंद. तेव्हा रेसिडेन्सीच्या गच्चीवर सेमाफोर उभारला, लाकडी हात वर-खाली करून खुणा करायचा, आणि एकेक खूण आलमबागेपर्यंत जाऊ लागली. त्याच्यावरून तोफा जात नव्हत्या, धान्य जात नव्हतं. बातमी जात होती. मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याकडे वेढा पडणार आहे का?" मी म्हटलं, "मी फायरवॉलचे नियम लिहायला घेतलेत. पडू शकतो."

तो पडला, तिसऱ्याच दिवशी. घरातलं सगळं इंटरनेट बंद, सुनेची ऑफिसची मीटिंग मधेच तुटली, नातीचा कथकचा व्हिडिओ थांबला. मी दारामागच्या खिळ्यावरची केबल काढली, लावली, चार ओळी खोडल्या, परत खिळ्याला अडकवली. तेव्हापासून घरात तिला कुणी हात लावत नाही.

नाका हिंडोल्याला मागच्या आठवड्यात परत गेलो होतो. त्या दुकानदाराने लांबूनच ओळखलं, स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "मिल गया आपका नल?"

तुमच्या माळ्यावर, जुन्या मोडेमच्या किंवा यूपीएसच्या खोक्यात अशी एखादी केबल पडली असेल तर भंगारात देऊ नका. फक्त जमीन कुठल्या पिनेवर आहे ते आत्ताच बघून ठेवा: नऊची असेल तर पाच, पंचवीसची असेल तर सात.